मोची

कॉलेज रोडच्या मॉलमध्ये, तळमजल्याला,
सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी माझं काउंटर.
पांढरे दिवे, पांढरी मांडणी, मला पांढरा कोट.
छातीवर बिल्ला : प्रणोती.
आडनावाला जागा ठेवलेली नाही त्याच्यावर.

दिवाळीआधी दोन दिवस ट्रेनिंग होतं.
पडद्यावर क्योटोची एक बाई
आधी तेलाने तोंड धुते, मग फेसाने,
मग गालांवर पाणी थापते. घासत नाही,
झोपत आलेल्या पोराला थापटावं तसं.
वय बहात्तर, असं खाली लिहिलेलं.
मग शब्द आला : मोची-हादा.
मोची म्हणजे तांदळाचा उंडा,
वाफवून, उखळात कुटून कुटून केलेला.
हादा म्हणजे कांती.
बोटाने दाबा, खळी पडेल,
बोट काढा, खळी भरून येईल.
अशी त्वचा हवी. मोचीसारखी.

मी वहीत उतरवून घेतलं
आणि मान खाली घालून हसले.

त्या वेळी अशोक स्तंभापाशी,
बँकेच्या भिंतीला टेकवलेल्या छत्रीखाली
बाबा कुणाच्या तरी टाचेला टाका घालत असणार.
तेही दाबूनच बघतात, अंगठ्याने.
चामडं पाठीचं की पोटाचं,
किती पाणी प्यालंय, अजून किती पिईल,
डोळे मिटून सांगतात.
कोरडं पडलं तर आधी तेल, मग मेण.
आणि घासायचं नाही, पोरी. मुरू द्यायचं.

ऋजुता मॅडम दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या,
लिपस्टिकच्या मांडणीआडून, हळू आवाजात,
"तो शब्द नको गं वापरूस. कस्टमर बिचकतात.
कापसासारखी म्हण. लोण्यासारखी म्हण."
त्यांना माहीत नव्हतं.
किंवा होतं.
मी लोण्यासारखी म्हणाले. अख्खा डिसेंबर.

थंडी आमच्या धंद्याला बरी.
निफाडला पारा सहावर आला
की इथे ओठ फुटतात, हातांवर पांढऱ्या रेघा उठतात,
आणि बायका मोज्यातून हात काढून पुढे करतात.
किंमत विचारतात, वास घेतात, एक्सपायरी बघतात,
आणि निघता निघता, सहज विचारल्यासारखं,
"याने उजळतं का?"
त्या क्योटोच्या बाईकडेही म्हण आहे म्हणे,
गोरा रंग सात खोड झाकतो.
आमच्याकडे किती झाकतो, कुणी मोजलेलं नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी
टेस्टरची संपत आलेली बरणी घरी आणली.
बाबांनी चष्मा लावला.
पट्टीवरचं मराठी एकेक अक्षर लावत वाचलं,
मो. ची.
परत वाचलं.
"आपलं नाव जपानात कुणी नेलं?"
आई पाटावरून पडेस्तोवर हसली.
मी तांदूळ सांगितला, उखळ सांगितलं,
किंमतही सांगितली : दोन हजार आठशे चाळीस.
बाबा गप्प झाले.
जरा वेळाने म्हणाले, "एकाहत्तर टाचा."

मग पेटीतून चामड्याचा एक तुकडा काढला,
करंगळीच्या टोकाएवढं त्याला लावलं,
अंगठा ठेवला, थांबले.
बरणीचं झाकण फिरवून माझ्याकडे दिली.
"वास चांगलाय. पण वरवर बसतं."

सोमवारी एक मुलगी आली,
पाठीवर सॅक, बारावीची असेल.
"नक्की कशी होते हो याने स्किन?"
ऋजुता मॅडम दोन हातांवर उभ्या होत्या.
मोचीसारखी, मी म्हणाले.
सरकता जिना सरकत राहिला.
मुलगी म्हणाली, "म्हणजे?"

मी तिचा हात घेतला.
मनगटाच्या वर अंगठा दाबला, उचलला,
खळी भरून यायची वाट बघितली.
"पाणी कमी पितेस," म्हणाले.